सात नंबरचा ड्रम

१

रविवारी दुपारी साडेबाराला लहानू माझ्या लॅबच्या दारात येऊन उभा राहिला.

"मॅडम, दाजी ओ देत नाय," तो म्हणाला.

त्याचे दाजी म्हणजे झिपरू. अकरा वाजता मी स्वतः त्याला सात नंबरच्या गाडीच्या ड्रममध्ये शिरताना पाहिलं होतं.

मी अपूर्वा गायधनी. नाशिकबाहेर हायवेला लागून रेडीमिक्स काँक्रीटचा एक प्लँट आहे, तिथली लॅब मी सांभाळते. पाठीवर तिरकं, फिरतं पिंप घेऊन जाणाऱ्या गाड्या तुम्ही रस्त्यात पाहिल्या असतील, त्या अशाच प्लँटवरून निघतात. त्या पिंपाला आम्ही ड्रम म्हणतो. त्याला आतून स्क्रूच्या आट्यांसारखी लोखंडी पाती वेटोळी जोडलेली असतात. ड्रम एका दिशेनं फिरला की पाती काँक्रीट आत तळाकडे ढकलतात आणि घुसळत ठेवतात. उलटा फिरवला की तेच काँक्रीट तोंडाकडे चढतं आणि पन्हळीतून खाली पडतं. वाटेत फिरणं थांबलं, तर दोन-तीन तासांत आत दगड तयार.

शुक्रवारी तेच झालं होतं. इगतपुरीच्या वाटेवर सात नंबर बंद पडली. लहानू तिचा ड्रायव्हर. पाणी मारमारून बहुतेक काँक्रीट बाहेर काढलं, तरी टनभर माल ड्रमच्या एका अंगाला धरून बसला. असा दगड फोडायला माणसालाच आत उतरावं लागतं. ड्रमच्या अंगाला एक छोटं दार असतं, त्यातून हातात विजेचा ब्रेकर घेऊन शिरायचं आणि ढलप्या काढत बसायचं. आमच्याकडे हे काम झिपरू करायचा. पेठच्या डोंगरातला, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. बहिणीच्या नवऱ्याला या कामावर लहानूनंच आणलं होतं.

मी धावत गेले. प्लँट मॅनेजर किशोर सर आणि मेकॅनिक सोमनाथही आले. वीज पावणेबारालाच गेली होती, त्यामुळे आवारात कसलाच आवाज नव्हता. आम्ही गाडीच्या फळीवर चढलो आणि तिथंच थबकलो. झिपरू शिरला ते दार कुठं दिसेना. लहानू ड्रमला मिठी मारून वर चढला आणि वरून म्हणाला, "हितं हाय. दार वर हाय."

झिपरूला बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. डोक्याला खोक पडली होती. कंबरेवर आणि उजव्या मांडीवर काँक्रीटची लादी आली होती. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. लहानू आणि मी ॲम्ब्युलन्समधून गेलो. कोणीतरी थांबायला हवं म्हणून किशोर सर आणि सोमनाथ प्लँटवर राहिले.

ॲम्ब्युलन्स हायवेला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. अकरा वाजता ते दार अंगाला, छातीच्या उंचीवर होतं. झिपरू त्यातून वाकून शिरला होता. आता ते आभाळाकडे होतं. म्हणजे माणूस आत असताना ड्रम फिरला होता.

२

सोमवारी सकाळी किशोर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी झिपरूची चौकशी केली. आयसीयूत आहे, अजून शुद्ध नाही, एवढंच मला सांगता आलं.

"हे बघ अपूर्वा," ते म्हणाले, "ड्रम फिरायला इंजिन लागतं. इंजिनावर पंप, पंपाच्या तेलावर मोटर, मोटरवर ड्रम. इंजिन चालू करायला किल्ली लागते. आणि सात नंबर चालवतं कोण? लहानू. सोमनाथनं बाराच्या सुमारास त्याला गाडीच्या केबिनमध्ये चढताना पाहिलंय."

"पण किल्ली तर झिपरूकडे असते ना सर? आत उतरणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, हा नियमच आहे."

"नियम असतो. पाळला की नाही कुणाला ठाऊक?" त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. लहानूच्या नावानं जबाब होता. आत माणूस आहे हे विसरून मी गाडी चालू केली, असा. खाली सहीची जागा मोकळी होती. "उद्या चारला पोलीस येतील. तोवर त्याला समजाव. कबूल केलं तर अपघात म्हणून निभावेल. नाहीतर मालकापासून सगळे अडकतील."

मी कागदाला हात लावला नाही.

"आणखी एक," ते दाराकडे बघत म्हणाले. "सात नंबरची दुसरी किल्ली तुझ्या ड्रॉवरमध्ये असते ना?"

मी लॅबमध्ये परत आले. किल्ली जागेवर होती. पण त्या ड्रॉवरचं कुलूप दिवाळीपासून बिघडलेलं होतं आणि दुरुस्त करून घ्यायचं मी रोज उद्यावर ढकलत होते. ती कोणीही उचलून परत ठेवू शकलं असतं. मी माझी बोटं बघत बसले. त्या किल्लीवर फक्त माझेच ठसे असतील, हा एकच विचार डोक्यात घोळत होता.

३

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला मी हॉस्पिटलात गेले. आयसीयूच्या बाहेर झिपरूची बायको चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर नर्सनं दिलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात झिपरूचे कापून काढलेले कपडे होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"डोळं उघडलं पाहिजे म्हनत्यात. उघडलं तर मंग पुढचं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "ताई, लोकं काय म्हनत्यात ते खरं हाय का? माझ्याच भावानं गाडी चालू केली?"

"मला अजून माहीत नाही," मी म्हणाले. ते खरंही होतं. "ही पिशवी बघू का?"

शर्टाच्या खिशात सात नंबरची किल्ली होती, लाल बिल्ल्यासकट. तिला चिकटून एक पिवळा कागद होता, घामानं भिजून वाळलेला, चार घड्यांचा. तो मी उलगडला नाही. किल्ली मी पाहून पुन्हा पिशवीत ठेवली. किल्ली झिपरूच्याच खिशात होती. म्हणजे कोणी गाडी चालू केली असेल तर ती माझ्या ड्रॉवरमधल्या किल्लीनं.

लहानू जिन्याखाली सापडला. रविवारपासून तो वर गेलाच नव्हता. बहिणीसमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती.

"लहानू, तू माझ्या ड्रॉवरमधली किल्ली घेतली होतीस?"

"नाय मॅडम. पोरीची शपथ."

"मग केबिनमध्ये कशाला चढलास?"

"टॉवेल ऱ्हायला व्हता. शनवारी दुपारी मी गाडी धक्क्यानं चालू केली, दाजीला उभ्यानं फोडता यावं म्हनून ड्रम वळवून दगड कंबरेच्या उंचीवर आनला, आन् गावाला गेलो. रविवारी बाराला टॉवेल काढाया चढलो." तो थांबला. "ड्रमचा दांडा शिटाच्या बाजूलाच ऱ्हातो मॅडम. माझं ढोपर लागलं त्याला. लागलं, हे पक्कं याद हाय मला. म्या उतरलो आन् मागं काय तरी धाडकन वाजलं. म्हनलं, दाजी ढलप्या पाडतोय. माझ्या हातनंच झालंय ते. किशोर सायेब फोनवर कागदाचं म्हनले, त्यावर मी उद्या सही करतो."

४

मंगळवारी नऊला मी प्लँटवर पोचले. चार वाजायला सात तास होते.

लॅबच्या व्हरांड्यात शिरताना पायाच्या अंगठ्यातून कळ आली. रविवारी सकाळी दहाला, याच जागी, चार्जिंगला लावलेल्या एका बॅटरीला माझा पाय आपटला होता. नख काळंनिळं झालं होतं. बॅटरी अजून तिथंच होती. या वेळी मी वाकून पाहिलं. तिच्यावर खडूनं आकडा लिहिलेला होता. सात.

मी तिथंच पायरीवर बसले.

रविवारी दहाला सात नंबरची बॅटरी इथं होती. झिपरू ड्रममध्ये उतरला अकराला. आज मंगळवार, आणि बॅटरी इथंच आहे. मी गाडीकडे जाऊन बॅटरीच्या पेटीचं झाकण उचलून पाहिलं. पेटी रिकामी होती. वायरींच्या टोकांवर दोन दिवसांची धूळ बसली होती.

बॅटरीशिवाय ते इंजिन कुठल्याच किल्लीनं चालू झालं नसतं, खिशातल्याही नाही आणि ड्रॉवरमधल्याही नाही. धक्का मारायला तर चार माणसं लागतात. लहानूनं दांड्याला ढोपर लावलं असेल, पण तो दांडा फक्त पंपाला सांगतो की तेल इकडे ढकल की तिकडे. इंजिन बंद असताना पंप निर्जीव असतो. दांडा दहादा ओढला तरी ड्रम तसूभर हलत नाही.

आणि मग मला ते आठवलं, जे मी दोन दिवस मुद्दाम आठवत नव्हते. वीज गेल्यामुळे काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजायचं माझं मशीन बंद होतं. बाराच्या जरा पुढे मला धाडकन आवाज आला होता. लॅबपासून गाडी चाळीस पावलांवर. काहीतरी पडलं असेल, असं मनात म्हणून मी वहीत आकडे लिहीत राहिले. उठून पाहिलं नाही. पण इंजिन सुरू झालं असतं तर खिडकीच्या काचा थरथरल्या असत्या. काचा हलल्या नव्हत्या. नुसता एक आवाज, आणि पुन्हा शांतता.

लहानू सुटला होता, मीही सुटले होते. पण इंजिन चालू झालं नव्हतं, तरी पाच टनांचा ड्रम एका माणसाला घेऊन फिरला होता. तो कोणी फिरवला?

५

मी ड्रमभोवती दोन फेऱ्या मारल्या. ब्रेकरची वायर अजून लटकत होती. दारातून निघून ती ड्रमच्या अंगावरून खाली आली होती. पूर्ण वेढा एकही नव्हता. दार बाजूला होतं ते वर गेलं होतं, म्हणजे ड्रम फक्त पाव वळला होता.

दाराच्या बरोबर समोरच्या अंगाला तो टनभर दगड होता. लहानूनं तो कंबरेच्या उंचीवर आणून ठेवला होता. आता तो थेट तळाशी होता.

आमच्या घरी विहिरीवर रहाट होता. भरलेला पोहरा वर असताना दांडा सुटला तर काय होतं, हे लहानपणी मी एकदा पाहिलंय. दगड अधांतरी होता. त्याला कोणीतरी धरून ठेवलं होतं आणि मग कोणीतरी सोडलं होतं.

इंजिन बंद असताना ड्रमला धरून ठेवते ती मोटर. केबिनच्या मागं, ड्रमच्या बुडाशी बसवलेली. मी फळीखाली वाकले. आसपासच्या प्रत्येक बोल्टवर काँक्रीटचे वाळलेले शिंतोडे होते. मोटरचे चार बोल्ट मात्र चकचकीत होते. खाली जमिनीवर वाळू पसरली होती. चपलेनं बाजूला केली तर खाली तेलाचा काळा डाग. आणि मोटरच्या अंगावर पिवळ्या रंगाचा ओघळ होता. सात नंबरचा ड्रम निळा आहे. आमच्याकडे पिवळा ड्रम एकाच गाडीला आहे, चार नंबरला. चार नंबरची मोटर शनिवारी निकामी झाली होती, आणि सोमवारी सकाळी तीच गाडी भरून सायखेड्याच्या पुलाकडे गेली होती.

सोमनाथ शेडमध्ये पाने पुसत होता. जुना माणूस, प्लँट उभा राहिला तेव्हापासूनचा. मी त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसले.

"सोमनाथदादा, चार नंबर कशी दुरुस्त झाली?"

"झाली, मॅडम."

"सात नंबरची मोटर तिला लावलीत. रविवारी बारा वाजता काढलीत ना?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"मी फळीखाली व्हतो, लहानूला दिसलो नाय. मोटर अडकून बसली व्हती," तो खाली बघत म्हणाला. "हिसका दिला तशी निघाली आन् ड्रम गपकन फिरला. रिकामा ड्रम बी हलतो थोडा, म्हनून मी ध्यान दिलं नाय. आतून आवाज नव्हता मॅडम. लाइट नव्हती, ब्रेकर बंद व्हता. मला काय माहीत तो आत बसलाय. मोटर घेऊन मी शेडात आलो. अर्ध्या तासानं लहानू बोंबलत आला, तवा समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सर म्हनले, लहानूवर हलकं प्रकरण होईल, तुझ्यावर भारी होईल. तुमी दवाखान्यात गेल्यावर चारची खराब मोटर सातला बसवून घेतली. तेलावर वाळू टाकली." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "मी आधी इचारलं व्हतं मॅडम. सात नंबरला हात लावू का म्हनून. सर म्हनले, मोकळीच हाय, काढ."

६

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो सगळ्यात भीतीदायक होता. आत माणूस आहे हे किशोर सरांना माहीत होतं का?

ड्रममध्ये माणूस उतरण्याआधी मॅनेजरनं परमिट फाडायचं असतं. पांढरं पान पुस्तकात राहतं, कार्बनखालचं पिवळं पान उतरणाऱ्याला मिळतं. दुपारी सर जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचं पुस्तक उघडलं. पानांना आकडे होते. एकशे अठरा होतं, एकशे वीस होतं. एकशे एकोणीस नव्हतं.

मी लहानूला फोन केला. "चारला येशील तेव्हा दाजीच्या कपड्यांची पिशवी घेऊन ये. किल्लीसकट. त्यातला कुठलाही कागद टाकू नकोस."

"कागद?" तो म्हणाला. "ताईनं सकाळी शर्ट धुवाया काढला व्हता. खालून दिसली मला."

चार वाजेपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही.

उपनिरीक्षक सविता खैरनार वेळेवर आल्या. किशोर सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, लहानूपुढे कागद आणि पेन ठेवलं. लहानू पिशवी छातीशी धरून उभा होता. त्यानं पेनकडे हात नेला.

"थांब," मी म्हणाले. मग सविता मॅडमकडे वळले. "मॅडम, त्याआधी दहा मिनिटं माझं ऐकाल का?"

मी बॅटरीपासून सुरुवात केली. खडूचा सात, रिकामी पेटी, माझं काळंनिळं नख. मग न वाजलेलं इंजिन, पाव वळलेला ड्रम, चकचकीत बोल्ट, पिवळा ओघळ. मला तो आवाज आला होता आणि मी उठले नव्हते, हेही सांगितलं. सोमनाथ दारात उभा होता. त्यानं स्वतःहून मान डोलावली.

किशोर सर शांत होते. "मोटर मीच काढायला सांगितली," ते म्हणाले. "सायखेड्याला पुलाचा खांब भरायचा होता. गाड्या एकामागून एक लागल्या नाहीत तर खांबात सांधा पडून तो कच्चा राहतो. पण झिपरू आत आहे हे मला ठाऊक नव्हतं. तो परमिटशिवाय उतरला. पुस्तक बघा, रविवारचं पानच नाही."

"एकशे एकोणीस कुठं गेलं?" सविता मॅडमनी पानं चाळत विचारलं.

"चुकून फाटलं असेल."

"लहानू, पिशवी," मी म्हणाले.

शर्ट ओला होता. मी खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता. किशोर सर खुर्चीत मागे टेकले.

"त्यात नाय मॅडम," लहानू म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या पाकिटातून एक पिवळी घडी काढली. "ताईला वाचता येत नाय, पन तिनं टाकला नाय. नर्सबाईच्या हातून पिशवीसंगं खाली धाडला. निरोप व्हता, मालकाचा कागद हाय, सांभाळून ठेव."

कार्बनचं अक्षर फिकं झालं होतं, पण वाचता येत होतं. परमिट एकशे एकोणीस. गाडी सात. ड्रममध्ये माणूस: झिपरू. वेळ अकरा. खाली किशोर सरांची सही.

सविता मॅडमनी तो कागद दोन वेळा वाचला. "अकराला तुम्ही सही केलीत आणि बाराला मोकळी आहे म्हणालात."

"विसरलो," किशोर सर फार हळू म्हणाले. "सारखे फोन येत होते. खरंच विसरलो."

"विसरला असाल," त्या म्हणाल्या. "पान फाडताना आणि याच्या नावानं जबाब टाइप करताना मात्र सगळं लक्षात होतं."

लहानूपुढचा कागद त्यांनी उचलून आपल्या फायलीत घातला. सोमनाथलाही त्यांच्याबरोबर जावं लागलं. जाताना तो लहानूसमोर क्षणभर थांबला.

७

मला हायसं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. रिक्षात लहानू माझ्याशेजारी बसून एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होता. "म्हंजी माझ्या ढोपरानं काय झालं नाय?"

"काही झालं नाही. इंजिन बंद होतं."

"पन ड्रम तर मीच तसा वळवून ठेवला व्हता मॅडम."

सगळेच ड्रायव्हर तसाच वळवतात. ड्रम आपोआप फिरू नये म्हणून खाली लाकडी पाचर ठोकायची असते, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मलाही कोणी शिकवलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या जिन्याशी लहानू पुन्हा थांबला. मी एकटी वर गेले आणि चिमणाबाईला सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "मला आवाज ऐकू आला होता, ताई. तेव्हाच उठले असते तर अर्धा तास वाचला असता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल. फिरवलं असतं तरी मला चाललं असतं.

"चारला त्यांनी डोळं उघडलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, पाय वाचल का नाय ते उद्या सांगतो. बोलता येत नाय, पर वळखत्यात." मग तिनं पदर सावरला आणि जिन्याच्या कठड्याशी येऊन खाली वाकून पाहिलं. लहानू सगळ्यात खालच्या पायरीवर, गुडघ्यात मान घालून बसला होता.

"ए लहानू," तिनं हाक मारली. "वर ये. एकच मानूस आत सोडत्यात. आधी तू जा."